चरबी उतरली, पेशी मात्र जागच्या जागी

पत्र: मी ४३ वर्षांची, सांगलीत विश्रामबागेत राहते, शाळेत शिकवते. उंची १५६ सें.मी. एका पाडव्याला वजन ७९ किलो होतं, त्याच दिवाळीत ६८ झालं. त्यानंतरच्या १४ महिन्यांत पुन्हा ७४. आमराईत रोज फिरते. साखर सोडून गुळाचा चहा घेते, दिवसाला चार कप. मधल्या भुकेला भडंग बंद करून शेंगदाणे-बेदाणे खाते. घरात आम्ही चौघं, महिन्याला पाच लिटर शेंगतेल लागतं. फिरायला येणाऱ्या एक ताई म्हणतात, एकदा मेलेली चरबीची पेशी परत येत नाही, तुझं थायरॉइडचं काहीतरी असणार. जिममधला मुलगा म्हणतो, चरबीचं स्नायूत रूपांतर करायला हवं. एका पार्लरवालीनं मांड्यांची चरबी वितळवायचं पॅकेज सांगितलंय. मिस्टरांनी माझ्याबरोबरच सुरुवात केली, त्यांचं पोट तीन महिन्यांत आत गेलं, माझ्या मांड्या जशाच्या तशा. त्यात मुलगी १२ वर्षांची, तीही गुटगुटीत व्हायला लागलीय. यातलं खरं काय आणि मी आता नेमकं काय करू?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

ताईंपासून सुरू करू, कारण त्यांची समजूत बहुतेकांची असते आणि सगळा घोळ तिथूनच होतो. तुमच्या चरबीच्या पेशी मेल्याच नव्हत्या. तुम्ही ११ किलो उतरवलेत तेव्हा त्या आतून रिकाम्या झाल्या, इतकंच. मार्केट यार्डात हळदीचं पोतं उलटं केलं तरी पोतं गोदामातच राहतं, तसं हे आहे. पुढच्या १४ महिन्यांत त्याच पेशी पुन्हा भरल्या.

एक चरबीपेशी साधारण एक दशांश मिलिमीटर रुंद असते, कधी त्याहून बरीच लहान, कधी दुप्पट मोठी. तिच्यात जवळजवळ सगळी जागा तेलाच्या एकाच मोठ्या थेंबानं व्यापलेली असते. पेशीचं केंद्रक आणि बाकीचा सगळा संसार त्या थेंबामुळे कडेला रेटला जातो. एका पेशीत सरासरी अर्धा मायक्रोग्रॅम तेल धरलं आणि तुमच्या अंगावर आज २५ ते ३० किलो चरबी असेल असं मानलं, तर अशा पन्नास-साठ अब्ज पेशी झाल्या. वजन वाढतं तेव्हा आधी थेंब फुगतो, उतरतं तेव्हा थेंब आटतो.

ही भर-उपस रोजच चालू असते, वजन महिनोन्‌महिने स्थिर असलेल्या माणसातही. जेवण झालं की इन्शुलिन वाढतं. केशवाहिनीच्या आतल्या भिंतीवरचं एक विकर (एन्झाइम) रक्तातून आलेलं तेल फोडतं, सुटे झालेले स्निग्धाम्ल (फॅटी ॲसिड) पेशीत शिरतात आणि आत पुन्हा तिघांची एकेक मोळी बांधली जाते. ती मोळी म्हणजे ट्रायग्लिसराइड. चार-पाच तासांनी इन्शुलिन उतरलं, किंवा तुम्ही भराभर चालायला लागलात आणि ॲड्रिनलिन वाढलं, की उलटा खेळ सुरू होतो. थेंबाच्या पृष्ठभागावरची विकरं मोळी सोडवतात. स्निग्धाम्ल रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून स्नायू, हृदय, यकृत यांच्याकडे जातात आणि तिथं जळतात. मोळी बांधणारी दोरी उरते, म्हणजे ग्लिसरॉल, त्यापासून यकृत साखर बनवतं. संशोधकांनी मोजलंय, चरबीचा एक रेणू पेशीत सरासरी दीड वर्षाच्या आसपास राहतो. माल बदलत राहतो, कोठार तेच. वजन कमी व्हायचं तर आठवड्यांच्या हिशेबात उपसा भरणीपेक्षा जास्त व्हावा लागतो. एका दिवसाच्या उपवासानं किंवा एका लग्नाच्या पंगतीनं त्यात फार फरक पडत नाही.

जळाली म्हणजे गेली कुठे? बहुतेकांना वाटतं घामातून, म्हणून मे महिन्यात जाड जॅकेट घालून पळणारी मंडळी दिसतात. याचा रासायनिक हिशेब २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला होता: १० किलो चरबी पूर्ण जळाली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं. (म्हणून बसल्या जागी जोरजोरात श्वास सोडून वजन उतरेल असं मात्र नाही, आधी ती जळावी लागते, आणि जाळायचं काम स्नायूंचं.) घामानं उतरलेला किलो दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतो. पहिल्या आठवड्यात 'दोन किलो गेले' म्हणून पेढे वाटले जातात, त्यातलंही बरंचसं पाणीच. स्नायू आणि यकृत मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (साठवणीची साखर) साठवतात आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर तीन-चार ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा संपतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा मंदावला म्हणजे डाएट फसलं नाही, खरा चरबीचा वेग आता दिसायला लागला.

पेशींच्या संख्येबद्दलचा सगळ्यांत बोलका पुरावा स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतून २००८ साली आला. कर्स्टी स्पाल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक डोकेबाज युक्ती केली. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ हे किरणोत्सर्गी कार्बन वाढलं होतं आणि चाचण्या थांबल्यावर ते वर्षागणिक घटत गेलं. पेशी जन्मते त्या वर्षीच्या हवेतलं प्रमाण तिच्या डीएनएमध्ये कोरलं जातं, म्हणजे जन्मतारीखच. त्यावरून कळलं की चरबीपेशींची संख्या लहानपणी आणि किशोरवयात ठरते, विशीनंतर ती बहुतेकांत स्थिर राहते. दरवर्षी साधारण दहा टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या जन्माला येतात. पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया होऊन भरपूर वजन उतरलेल्या लोकांत, दोन वर्षांनंतरही, पेशी आकारानं लहान झाल्या होत्या पण संख्या तेवढीच होती. ताईंचं वाक्य अर्धं खरं ठरतं ते इथं: पेशी मरतात, पण तिची जागा दुसरी घेते.

उलट बाजूनं मात्र दार पूर्ण बंद नाही. मोठेपणी सतत जास्त खाणं चालू राहिलं तर नव्या पेशी तयार होऊ शकतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये निरोगी लोकांना आठ आठवडे मुद्दाम जास्त खायला घातलं, तेव्हा कमरेच्या वरच्या भागातल्या पेशी फुगल्या आणि मांड्यांमध्ये नव्या पेशी आल्या. थोडक्यात, वाढवायला वाव आहे, कमी करायला जवळजवळ नाही. अन्याय आहे खरा.

आता तुमच्या सहा किलोंचा हिशेब. एक किलो शारीरिक चरबी म्हणजे ढोबळमानानं ७७०० कॅलरी. सहा किलोच्या ४६,२०० झाल्या. १४ महिन्यांचे दिवस सुमारे ४२५. भागाकार केला तर रोज ११० कॅलरी जास्त. एवढीच. तुम्ही बेताल खात होतात असं या आकड्यावरून अजिबात म्हणता येत नाही.

पण याच आकड्याला दुसरी बाजू आहे. ७९ किलोचं शरीर चालवायला जे लागायचं ते ६८ किलोच्या शरीराला लागत नाही. उतरलेल्या दर किलोमागे रोजचा खर्च साधारण २० ते २५ कॅलरींनी घटतो. तुमचे ११ किलो गेले म्हणजे खर्च रोज सव्वादोनशे-पावणेतीनशेनं कमी झाला. दिवाळीनंतर तुम्ही 'पहिल्यासारखं नॉर्मल' जेवायला लागलात असणार. ते नॉर्मल ७९ किलोच्या बाईचं होतं.

भूकही तुमच्या बाजूची नव्हती. चरबीपेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात, त्यावरून मेंदू साठा किती आहे ते ओळखतो. पेशी आटल्या की लेप्टिन झपाट्यानं पडतं आणि मेंदू भूक वाढवतो. मेलबर्नमध्ये २०११ साली झालेल्या अभ्यासात, दहा आठवड्यांत वजन उतरवलेल्या लोकांची भुकेची संप्रेरकं वर्षानंतरही मूळ पदावर आली नव्हती. २०२४ च्या शेवटी झुरिकच्या संशोधकांनी त्यात भर घातली: आटलेल्या चरबीपेशींच्या जनुकांवर जुन्या लठ्ठपणाच्या खुणा टिकून राहतात, आणि निदान उंदरांत तरी अशा पेशी चमचमीत खाणं मिळताच लवकर भरतात. तुमची इच्छाशक्ती कमी पडली, असं कुणी म्हणालं तर त्यांना हे ऐकवा. मात्र त्यावरून 'मग काही उपयोगच नाही' असंही ठरवू नका. अकरातले पाच किलो अजून उतरलेलेच आहेत, आणि आटलेली पेशी तब्येतीला फार बरी असते.

तुम्ही बदललेल्या गोष्टी एकेक तपासू. चहात एका कपाला दहा ग्रॅम गूळ धरा. गुळाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३८० कॅलरी, साखरेत ४००. चार कपांचे दीडशे झाले, दूध वेगळंच. गुळाच्या चहाच्या पाट्या सध्या कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, पण चरबीपेशीला गूळ आणि साखर यांत कळण्याजोगा फरक दिसत नाही. शेंगदाणे मूठभर, ३० ग्रॅम, म्हणजे १७०. बेदाणे ३० ग्रॅम म्हणजे ९०. दोन्ही मिळून २६०. सोडलेलं भडंग ५० ग्रॅम असेल तर ते २२५ ते २५० च्या घरात होतं. अदलाबदल झाली, बचत झाली नाही. शेंगदाणे पौष्टिक आहेत, प्रथिनं देतात, पण डब्यातून येताजाता तोंडात टाकले की मोजमाप सुटतं. २० ग्रॅम वाटीत काढून घ्या आणि डबा फळीवर ठेवा.

खरी मेख तेलात आहे. पाच लिटर शेंगतेल म्हणजे साडेचार किलो. चौघांत, तीस दिवसांत, माणशी रोज ३८ ग्रॅम, ३४० कॅलरी. तेच साडेतीन लिटरवर आणलंत तर माणशी २६-२७ ग्रॅम होतात, २४० कॅलरी. रोजच्या शंभर कॅलरी वाचल्या, म्हणजे तुमची वाढ जवळपास जिथल्या तिथं थांबवणारा आकडा, आणि ताटातला एकही पदार्थ न सोडता. 'कमी तेल वापरते' असं ठरवून हे होत नाही, फोडणीचा हात बदलत नाही. दर सोमवारी ८०० मि.लि. मोजून वेगळ्या बरणीत काढा आणि आठवडा त्यातच भागवा. शुक्रवारी बरणी संपली तर कुठे गेलं ते आपोआप कळतं: उसळीवरचा कट, भज्यांचा घाणा, की चपातीला वरून लावलेलं. घरातल्या सगळ्यांना हे प्रमाण पुरेसं आहे, मुलीलाही.

तुम्हाला आत्ता वजन स्थिर ठेवायला रोज सुमारे १८०० कॅलरी लागत असाव्यात. १४०० वर आलात तर आठवड्याला ३००-४०० ग्रॅम उतरतील. मागच्या वेळीही तुमचा वेग हाच होता आणि तो चांगला होता. १२०० च्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नका. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगानं उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, केस गळतात, आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. नुसतं खाणं तोडून उतरवलेल्या वजनात चौथा हिस्सा स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा असू शकतो. हा चौथा हिस्सा नंतर महागात पडतो, कारण वजन परत येतं तेव्हा जास्त करून चरबी म्हणून येतं.

म्हणून प्रथिनं. सत्तर-पंचाहत्तर ग्रॅमचं लक्ष्य ठेवा. सांगलीच्या स्वयंपाकघरात ते कसं बसतं पाहा: दोन अंडी १२ (अंडी चालत नसतील तर ६० ग्रॅम पनीर, ११), ४० ग्रॅम सुक्या मटकीची किंवा मुगाची उसळ ९, ३० ग्रॅम डाळीचं वरण किंवा आमटी ७, पाव लिटर दूध-दही मिळून ८, सुके सोयाबीनचे तुकडे ३० ग्रॅम १५, ज्वारीच्या पन्नास-पन्नास ग्रॅम पिठाच्या तीन भाकरी १५, आणि ते वाटीतले शेंगदाणे ५. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच. भाकरीचं पीठ एकदा तरी वजन करून बघा. हातावर थापलेली मोठी भाकरी ७०-८० ग्रॅमची निघते आणि तीनच्या जागी साडेचार खाल्ल्या जातात.

जिममधल्या मुलाचा व्यायामाचा आग्रह बरोबर, कारण चूक. चरबीचं स्नायूत रूपांतर होत नाही, स्नायूचंही चरबीत होत नाही. दोन वेगळ्या पेशी आहेत. वजनं उचलल्यानं होतं ते असं की खाणं कमी असतानाही शरीर स्नायू राखून ठेवतं. आठवड्यातून दोनदा, तासभर नको, ३०-३५ मिनिटं पुरे: खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून दंड, पाण्यानं भरलेल्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या डोक्यावर उचलणं, वाकून डबा उचलणं. प्रत्येकी १०-१२ वेळा, तीन फेऱ्या, आणि शेवटची दोन जड जायला हवीत. जड जात नसतील तर भार वाढवा.

आमराईतलं फिरणं सोडू नका, पण त्याच्याकडून भलती अपेक्षाही ठेवू नका. तुमच्या वजनाला एक किलोमीटर चालण्यात ४५-५० कॅलरी जातात. चार किलोमीटरचे दोनशे. घरी येऊन गुळाचा चहा आणि मूठभर बेदाणे घेतले की निम्म्याहून जास्त परत. वजन उतरवायला चालणं दुय्यम, उतरलेलं राखायला मात्र फार महत्त्वाचं. ज्यांचं उतरलेलं वजन वर्षानुवर्षं टिकतं, त्यांच्यात रोज तासाभराची हालचाल ही फार वेळा आढळणारी गोष्ट आहे.

मिस्टरांचं पोट आणि तुमच्या मांड्या यांची तुलना सोडून द्या. पुरुषांत आतड्यांभोवतीची आतली चरबी जास्त असते. तिथल्या पेशी ॲड्रिनलिनला चटकन प्रतिसाद देतात, म्हणून ती आधी जाते. बायकांच्या मांड्या-नितंबांतल्या पेशींवर चरबी सोडायला अडवणारे ग्राही (रिसेप्टर) जास्त असतात, त्यामुळे तिथला साठा सगळ्यांत शेवटी हलतो. पण हीच चरबी निरुपद्रवी आहे, किंबहुना मधुमेहापासून थोडं संरक्षणच देते. त्रास देते ती पोटाची. पेशी मर्यादेपलीकडे फुगल्या की त्यांना प्राणवायू पुरत नाही, काही मरतात, त्यांच्याभोवती रोगप्रतिकारक पेशींचा गराडा पडतो, दाह सुरू होतो, आणि पेशीत न मावणारं तेल यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसतं. साखर आणि रक्तदाबाच्या कटकटी तिथून सुरू होतात. आपल्याकडे हे कमी वजनावरच होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. म्हणून भारतीयांसाठी कमरेची मर्यादा कमी ठेवली आहे: बायकांना ८० सें.मी., पुरुषांना ९०. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, आडवी, श्वास सहज सोडल्यावर. साडीची किंवा सलवारची गाठ जिथं येते तिथं मोजलं तर चुकतं. चाळिशीनंतर पाळी जायच्या आसपास इस्ट्रोजेन घटतं आणि चरबी मांड्यांऐवजी पोटावर साठायला लागते. तुमच्या वयात मांड्यांपेक्षा हे माप जास्त सांभाळा.

पार्लरच्या पॅकेजचे पैसे वाचवा. थरथरणारे पट्टे, गरम लपेटे, मसाज यांनी पेशीतला थेंब हलत नाही. लपेट्यानं कातडीतलं पाणी जातं आणि टेपवर एखादा सेंटिमीटर कमी दिसतो, दुसऱ्या दिवशी परत. थंडावा देऊन चरबीपेशी मारायचं खरं वैद्यकीय यंत्र आहे, त्यानं लावलेल्या जागेचा थर अंदाजे पाचव्या हिश्शानं उतरतो, वजन नाही, आणि क्वचित तिथली चरबी उलट वाढून टणक होते. ते त्वचारोगतज्ज्ञाचं काम. लायपोसक्शनचं सांगायचं तर, कोलोरॅडोत मांड्यांची चरबी काढलेल्या बायकांत वर्षभरात तेवढी चरबी परत आली, मांड्यांवर नव्हे, पोटावर. आणि २००४ साली सेंट लुईसमध्ये पोटाच्या कातडीखालून दहा किलोच्या आसपास चरबी ओढून काढली, तरी इन्शुलिन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल कशातही सुधारणा नाही. तेवढीच चरबी खाणं कमी करून गेली असती तर सगळं सुधारलं असतं. पेशी काढून टाकण्यात फायदा नाही, उरलेल्या आटवण्यात आहे.

आठवड्यातून एकदा घेतात ती नवी इंजेक्शनं तुमच्या कानावर आली असतीलच. भूक खरोखर कमी करतात. पण थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं दिसलंय, कारण तेच: पेशी तिथंच असतात. तुमचा बीएमआय ३० आहे, त्यामुळे विषय डॉक्टरांशी काढायला हरकत नाही. दुकानातून परस्पर आणू नका.

वजन बघायची पद्धत बदला. आठवड्यात तीनदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर, आणि तिन्हींची सरासरी लिहा. पाळीच्या आधी किलो-दीड किलो पाणी चढतं, त्या आठवड्याचा आकडा मनाला लावून घेऊ नका. सहा महिने उतरवा, ६८ च्या आसपास आलात की तिथं निदान वर्षभर थांबा आणि पुढच्या टप्प्याची घाई करू नका. ७० दिसलं की त्याच आठवड्यात तेलाची बरणी आणि चहाचे कप पुन्हा मोजायला घ्या. ७४ ची वाट बघू नका. मागच्या वेळी राहून गेलं ते हेच राखायचं वर्ष. पेशी भरायला टपलेल्या असतात तो काळ हाच.

मुलीच्या बाबतीत तुमची काळजी रास्त आहे, कारण संख्या ठरते ती याच वयात. पण १२ व्या वर्षी मुलींच्या अंगावर थोडी चरबी चढणं नैसर्गिक आहे, पाळी सुरू व्हायला ती लागते, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत उंची वाढते. तिला डाएटवर ठेवू नका, तिच्यासमोर 'जाडी झालीस' हा शब्द काढू नका, तुमच्याबरोबर काट्यावर उभी करू नका. घरात येणारी कोल्ड्रिंक आणि पाकिटातला ज्यूस बंद, रोज तासभर मैदानावर, रात्री नऊ तास झोप, जेवताना मोबाइल बाजूला. एवढ्यानं वजन जागच्या जागी राहिलं आणि उंची वाढत गेली तरी काम झालं. बालरोगतज्ज्ञांकडे एकदा वाढीच्या तक्त्यावर बघून घ्या. मानेवर काळपट मखमली पट्टा दिसत असेल तर त्यांना आवर्जून दाखवा, ती इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते.

थायरॉइडबद्दल: टीएसएच करून घ्या, साधी रक्ततपासणी आहे. पण थायरॉइड कमी असल्यानं सहसा दोन-चार किलो चढतात आणि त्यातही बराच भाग पाण्याचा आणि मिठाचा असतो. त्याच वेळी उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल आणि यकृताची तपासणी सांगा. मिरजेत किंवा सांगलीत फॅमिली डॉक्टरांकडे जाताना गेल्या १४ महिन्यांत सुरू झालेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या. स्टिरॉइड, नैराश्यावरची किंवा झोपेची काही औषधं आणि काही मधुमेहाच्या गोळ्यांनीही वजन चढतं. कुठलीही गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका.